नमुन्याचं वावर

फाल्गुनातल्या त्या दुपारी आभाळाचं काय बिनसलं होतं कोण जाणे. शकुंतला भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन वावरात निघाली तेव्हा ऊन नुसतं मी म्हणत होतं, आणि अर्ध्या वाटेत लिंबाएवढ्या गारा! ती धावतपळत झुंबरबाईच्या खोपीत शिरली, तर तिथं आधीच एक जण उभा. डोक्यावर कागदांचा बस्ता, कपाळावर हे एवढं टेंगूळ.

"खोप तुमची काय?" त्यानं चाचरत विचारलं.

"नाही. तुमची?"

"नाही हो... मी मेहकरच्या तहसिलीतला कारकून. वैजनाथ."

"मंग सरकारी कागद काऊन गारांत धरले डोक्यावर?"

"डोकंच फुटलं तं कागद लिहीन कोण?"

शकुंतलाला हसू फुटलं. हसता हसता तिनं दाराशी पडलेली एक गार उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "टेंगळाले लावा." त्यानं लावली नाही. तिच्याकडे बघत तशीच धरून ठेवली... पाणी मनगटावरून ओघळलं तरी त्याला कळलं नाही. आणि तिलाही नजर कुठं ठेवावी ते कळेना.

मग तिनं बाहेर बघितलं आणि तिचं हसणं विरलं. झुंबरबाई नवऱ्यामागं एकटीनं वावर करणारी बाई. तिचा कापणीला आलेला गहू डोळ्यांदेखत भुईसपाट होत होता. उभी एक ओंबी उरली नाही. दोघंही ते बघत राहिले.

गारा थांबल्यावर नाला ओलांडून शकुंतला आपल्या वावरात आली आणि चक्रावलीच. इथं पान फाटलं नव्हतं! गार पट्ट्यापट्ट्यानं पडते. सारं गाव झोडपून ती नाल्याशी थबकली होती, आणि नाल्यापलीकडे होती ती फक्त तिच्या वडिलांची, पुंजाजींची, जमीन.

आठ दिवसांनी वैजनाथ पुन्हा आला, तो सरकारी कामानं. गावातलं एक वावर नमुन्याला धरायचं, त्यातला मोजका तुकडा कापायचा, मळायचा, दाणा वजन करायचा आणि त्यावरून साऱ्या गावाचं पीक किती आणे ते लिहायचं. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. सहाच्या खाली उतरलं तर त्या सालचा शेतसारा थांबणार होता. झोडपलेलं सारं गाव त्या आकड्याकडे डोळे लावून बसलं होतं.

आणि पुंजाजींनी काय करावं? रुमाल बांधून चावडीवर उभे राहिले.

"नमुना मह्याच वावरात कापाचा! सरकारले दाखवाचं तं गावातलं चांगलं दाखवा. का झोडपलेलं दाखवता?"

पुंजाजी मनानं वाईट नव्हते, पण मान म्हटला की त्यांची अक्कल रजेवर जायची. सरकारी नमुना आपल्या वावरात कापला जाणं हा त्यांच्या लेखी थोर मान होता. त्यांच्यापुढं बोलायची कोणाची छाती झाली नाही. कारकुनानं तरी भानावर असावं! पण त्याला पुंजाजींच्या घरचा दोन दिवसांचा चहा दिसू लागला होता, आणि तो चहा आणून देणारीही.

"चालन," तो म्हणाला.

हे कळलं तेव्हा शकुंतला घरात दोनदा उगाच आरशाशी जाऊन आली. सकाळी विहिरीवर झुंबरबाई भेटली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गावाचं पीक आता सोळा आणे लिहितीन, बाई." आणि कळशी उचलून चालू लागली.

 वैजनाथ यावा असं शकुंतलाला वाटत होतं, आणि येऊ नये असंही तितकंच वाटत होतं. मनाचा नुसता गुंता झाला. शेवटी तिनं त्याला चावडीमागच्या चिंचेखाली गाठलं.

"तुम्ही आमच्या वावरात येऊ नका."

वैजनाथचा चेहरा खर्रकन उतरला. "मले वाटलं... तुम्हाले बरं वाटन."

"वाटनच न! म्हणूनच येऊ नका."

"मले काही समजून नाही राह्यलं."

"मले तरी कुठं समजून राह्यलं?" तिचे डोळे भरून आले. "पण झुंबरबाईचं वावर मह्यासंग तुम्हीबी पाह्यलं. साऱ्या गावाचं तसंच हाय. आता तुमच्या कागदावर आमचा गहू लिहान, तं मले तुमचं तोंड पाहावणार नाही."

तो खाली बसला. मातीत रेघा ओढू लागला.

"तुमच्या बाबाले नाही म्हटलं, तं ते मले दारात उभं करणार नाहीत."

"हाव."

"आन् मले तं..." त्याचे कान लाल झाले. "मले तं तुम्हाले मागणी घालाची हाय. तुम्हाले चालत असन तं..."

शकुंतलाला ओरडून हो म्हणावंसं वाटलं. पण आत्ता हो म्हटलं तर याचा हात पुन्हा बाबांच्याच गव्हाकडे वळेल, अशी भीती वाटली. "आधी झुंबरबाईचं वावर कापा," एवढंच बोलून ती पळाली.

दुसऱ्या दिवशी वैजनाथनं झुंबरबाईच्या वावरात नमुना कापला. पीक निघालं चार आणे.

पुंजाजींनी घर डोक्यावर घेतलं. "मह्या वावराले नाही म्हणते? त्याचं नाव काढाचं नाही या घरात!" शकुंतला ताटावरून उठली. गावाचं भलं झालं आणि आपलं मात्र संपलं, असं तिला वाटलं. पण विहिरीवर ती झुंबरबाईला मोठ्यानं, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या बाबांनीच सांगितलं त्यायले. मह्या मानापेक्षा गाव पाहा म्हणे!"

सायंकाळी गावचे पाटील रंगराव अर्धं गाव घेऊन दारात हजर. "पुंजाजी, मन असावं तं असं!" म्हणत त्यांनी पुंजाजींच्या हातात नारळ दिला. पुंजाजींचा आ वासला तो वासलाच. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर नारळ परत करावा लागतो. झुंबरबाईनं वाकून नमस्कार केला, तेव्हा तर ते पार गोंधळले.

माणसं पांगल्यावर त्यांनी लेकीकडे बघितलं. "हे मी कवा म्हटलं व?"

"म्हटलंच असतं तुम्ही, बाबा... गारा पडल्यावर एकदा नाल्याअलीकडची वावरं पाह्यली असती तं."

पुंजाजी उठले. चपला घालून निघाले. परत आले तेव्हा दिवा लागला होता. धोतर गुडघ्यापर्यंत नाल्याकाठच्या चिखलानं भरलेलं. ओसरीवर बसून ते तांब्याभर पाणी प्याले आणि खाली बघतच बोलले.

"त्या कारकुनाले उद्या जेवाले बोलवा."

"काऊन?" शकुंतला दारातून पुढं आली.

"मी त्याले काय सांगितलं, ते त्यालेबी ठाऊक पाहिजे न." मग जरा थांबून, "आन् तो उगाच एवढा भला नाही वागला. तुले काही इचारलं त्यानं?"

"...हाव."

"मंग तू काय सांगितलं?"

"अजून काहीच नाही."

"उद्या तुह्याच तोंडानं सांगून टाक," पुंजाजी म्हणाले. "नाही तं तेबी मीच सांगितलं म्हणून गावभर करशीन!"

शकुंतलानं पदरात तोंड लपवलं. हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"सांगीन, बाबा," ती म्हणाली.