टेकडीवरचं सोनं

टेकडी कण्हत होती, तीही भर दुपारी, लख्ख उन्हात.

तलावावरून वारा सुटला की किनारवाडीच्या शेवटच्या घरामागची वाळूची टेकडी घुमायला लागायची. मग त्या घरातली चारुता स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून घ्यायची. तरी फळीवरची भांडी थरथरायचीच. नुसतं घुमणं एक वेळ सोसलं असतं, पण टेकडी जवळ येत होती. गेल्या वर्षी ती पेरूच्या झाडापलीकडे होती. आता पेरू वाळूत गडप झाला होता आणि वाळू खिडकीच्या चौकटीला टेकली होती.

"दसरा झाला की घर सोडायचं," बाबांनी सांगून टाकलं. पृथ्वीवरून ‘सुदूर’ नावाच्या ग्रहावर आलेल्या माणसांनी बांधलेलं हे पहिलं घर. चारुताच्या आजीने, नलिनीताईंनी, त्याच्या भिंती स्वतः लिंपल्या होत्या. ते सोडायला चारुता तयार नव्हती.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. चारुताच्या पाठी टेकडी लागली होती. शेवटी तिने ठरवलं, आता आपणच हिच्या पाठीमागे जाऊन बघायचं.

वळसा घालून ती तलावाच्या बाजूला आली आणि जागीच थिजली. वाळूतून एका झोपाळ्याचे खांब वर आले होते. हा झोपाळा तिने फक्त आजीच्या जुन्या फोटोत पाहिला होता. खांबाशेजारी एक धातूचा हात होता, मुठीत वाळलेलं गवत धरलेला. ती बघत असतानाच त्या हाताची बोटं हलली.

"कोणाची गं तू?" वाळूखालून आवाज आला.

चारुताने इकडेतिकडे पाहिलं. "दिघ्यांची. नलिनीताईंची नात."

"मग जरा वाळू उकर. तोंडात गेलीये."

भीतभीतच तिने वाळू उकरली. गंजलेला चेहरा दिसला आणि तिला आठवलं, आजी सांगायची तो हा गवतोबा! टेकडीवर गवत लावणारा, वादळात हरवलेला यंत्रमानव.

"तुम्ही... मेला नव्हतात?"

"छे! ऊन मिळालं नाही की मी झोपतो. टेकडी माझ्या अंगावरून चालत गेली. आज खांद्यावरची सौरपट्टी (उन्हापासून वीज तयार करणारी पट्टी) उघडी पडली, म्हणून जागा झालो."

"म्हणजे टेकडी खरंच चालते?"

"मूठभर वाळू घे आणि वाऱ्यात सोड. बघ, बारीक कण उड्या मारत पुढे जातात. याला उत्प्लवन म्हणतात (कणांनी टुणटुण उड्या मारत पुढे सरकणं). लाटा किनाऱ्यावर वाळू आणून टाकतात, ऊन ती सुकवतं, वारा उचलतो. वाटेत गवताचा ठोंब आला की वारा मंदावतो आणि वाळू तिथेच पडते. गवत वाळूखाली दबलं की आणखी वर वाढतं, पुन्हा वाळू अडवतं. अशी टेकडी उंच होते आणि मुळं तिला बांधून ठेवतात."

"आणि गवत नसलं तर?"

"मग कण या बाजूने चढतात आणि पलीकडे तुमच्या घराकडे घसरतात. घसरताना एकमेकांवर घासतात. ते घुमणं त्याचंच. पण माझं गवत कुठाय गं?"

चारुताला दसरा आठवला. सुदूरवर आपटा उगवत नाही. पण टेकडीवरचं गवत दसऱ्याच्या सुमाराला पिवळंधमक होई. मग सारी किनारवाडी सीमोल्लंघनाला टेकडीवर जाई आणि तेच सोनं म्हणून लुटून आणी. मुळासकट आणलं तर घरात सोनं टिकतं, असाही समज होता. तिने सगळं सांगितलं. गवतोबाने मुठीतल्या वाळलेल्या गवताकडे पाहिलं. टेकडी घुमत राहिली.

"म्हणजे तिचे दोर तुम्हीच सोडलेत," तो म्हणाला.

"मग यंत्र लावून टेकडीच सपाट करू या."

"अगं, वेडी की काय! वादळात लाटा उसळतात तेव्हा तलाव आधी टेकडी खातो. ती नसेल तर घरं खाईल. तलावाच्या वळणावर, जिथे तुम्ही जात नाही, तिथे गवत अजून असेल. दाटीतला एखादाच ठोंब काढायचा. एका ठोंबाचे चार होतात."

दसऱ्याला सगळे नटूनथटून सीमेवर आले, तर समोर चारुता उभी. मागे वाळूतून उकरून काढलेला गंजका गवतोबा आणि टोपलीत वळणावरून आणलेली गवताची रोपं. लोक दोन पावलं मागे सरकले. चारुताने गवतोबाचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं आणि एक रोप बाबांपुढे धरलं.

"सोनं घ्या, बाबा. पण हे घरी न्यायचं नाही, टेकडीवर लावायचं."

"इतक्या वर्षांची रीत मोडायची?" कोणीतरी कुरकुरलं.

बाबांनी टेकडीकडे पाहिलं, मग आपल्या घराकडे. "सीमा ओलांडायचीच आहे," ते म्हणाले. "फक्त येताना हात रिकामे असतील. एक वर्ष थांबून बघू. तोवर घर सोडायचं नाही." आणि ते सर्वांआधी टेकडी चढू लागले.

पुढच्या दसऱ्याच्या दुपारी तलावावरून वारा सुटला. चारुता सवयीने खिडकीपाशी धावली. वाळू अजून चौकटीलाच टेकलेली होती, बोटभरही वर चढली नव्हती. टेकडीच्या माथ्यावर गवतोबा उभा होता आणि त्याच्याभोवती पिवळंधमक गवत डुलत होतं. ती कान देऊन उभी राहिली. फळीवरची भांडी गप्प होती.

चारुताने खिडकी सताड उघडली.