गाळातला वाटा

घाण पाण्यात बुड्या मारायच्या धंद्यात मला आता बरीच वर्षं झाली. लोक विचारतात, किळस नाही येत? अहो, किळस वर उभ्या असलेल्या माणसाला येते. खाली डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. जे काही कळतं, ते बोटांनाच.

त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. उल्सान शहराच्या पुढे किनाऱ्यावर रंगाचा एक कारखाना बंद पडला होता. समुद्राच्याच एका खाडीला बांध घालून त्याने सांडपाण्याचा हौद केला होता. तळाची झडप गाळात रुतली होती, ती मोकळी करायची. लख्ख दुपार होती. माझी हवेची नळी धरायला माल्सुनताई होती. साठी उलटलेली, याच खाडीकाठी जन्मलेली. तिची आई, मावश्या इथेच श्वास रोखून समुद्रात उतरायच्या, शिंपले काढायच्या. कारखाना आला आणि गाव उठलं.

"ग्योंगतेक, मुळ्याचं लोणचं किती खाल्लंस रे? ढेकर दिलास तर हेल्मेटातल्या फोनमधून माझ्या कानात येतो," ती माझं हेल्मेट आवळत म्हणाली.

"तू झोपू नकोस म्हणजे झालं, ताई."

मी उतरलो. कमरेपर्यंत पाणी जांभळं होतं, मग तपकिरी, मग काहीच नाही. बंद पोशाखात एरवी फक्त रबराचा वास येतो. त्या दिवशी मात्र ओल्या शेवाळाचा आला, भरतीनंतर खडकांवर येतो तसा. हौदात तर कित्येक वर्षांत काही उगवलं नव्हतं.

झडप हाताला लागली, तेवढ्यात वरचा गाळ सरकला. आवाज न करता, एखादं ओलं घोंगडं अंगावर पडावं तसा. नळी दबली. हवा बारीक झाली.

"ताई... नळी अडकलीय."

फोनवर नुसती शांतता. मी डावीकडे ओढून पाहिलं, नळी आणखी आवळली. छाती भात्यासारखी चालायला लागली. अशा वेळी हालचाल थांबवायची असते, म्हणून मी थांबलो. आणि मग ते ऐकू आलं. लांबलचक, बारीक शीळ. खोल बुडी मारून वर आलेली बाई पहिला श्वास सोडते, तशी.

पण तो आवाज पाण्याच्या वर येतो. पाण्याखाली कधीच नाही.

पुन्हा आला. उजवीकडून. मी तिकडे सरपटलो. थोडं पुढे गेलो की पुन्हा, आणखी उजवीकडे. अचानक नळी सैल झाली आणि हेल्मेटात हवा भसकन आली.

वर आलो तेव्हा ताईचा चेहरा राखेसारखा झाला होता. हेल्मेट काढायच्या आधी तिने मला औषधाच्या पाण्याने धुतलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"फोन बंद पडला होता," मी म्हणालो.

"बंद नव्हता. मी हाका मारत होते... तू गप्प होतास. पण श्वास ऐकू येत होता." ती हळूच म्हणाली, "पाण्यावर आली की आईचा असाच यायचा, शीळ घालत. शेवटी जरासा तुटका."

मग तिने माझी हत्यारांची पिशवी उघडली. पान्याच्या शेजारी तळहाताएवढा जॉनबोक शिंपला होता, खडकाला चिकटून राहणारा, इथल्या बायका बुडी मारून काढायच्या तो. जिवंत. आतलं मांस सावकाश हलत होतं. कवचाच्या कडेला, खडकावरून पहारीने उचकटताना उडतो तसा टवका, अगदी ताजा.

ताईने त्या टवक्यावरून अंगठा फिरवला.

"नवख्या पोरीच्या जाळीत जुन्या बायका आपल्यातला एक शिंपला टाकायच्या. तिने रिकाम्या हाताने घरी जाऊ नये म्हणून."

"मग चांगलंच की, ताई."

"चांगलंच." तिने शिंपला ओल्या फडक्यात गुंडाळला. "पण असा वाटा त्या परक्याला नव्हत्या देत. जी आता त्यांचीच झाली, तिलाच."

झडप अजून मोकळी व्हायची होती. दुसऱ्या दिवशी मीच उतरलो. आमच्यात दुसरा कोणी नव्हता. ताईने थट्टा केली नाही. मधूनमधून फोनवर एवढंच विचारायची, "हा श्वास तुझाच ना?"

"हो," मी म्हणायचो.

काम संपेपर्यंत ती विचारत राहिली. एकदा मात्र, मी तोंड उघडायच्या आधीच, माझ्या हेल्मेटात कोणीतरी तिला "हो" म्हणालं.