निळ्या रांजणाचा वास

इबुकीला लागोपाठ शिंका आल्या आणि रांजणाचं लाकडी झाकण त्याच्या हातून दाणकन फरशीवर पडलं.

"अजून जोरात शिंक," मायुका म्हणाली. "पलीकडच्या काठावर ऐकू गेलं नसेल."

"माझा काय दोष?" इबुकी नाक पुसत म्हणाला. "आई कपड्यांना तो फुलांच्या वासाचा साबण लावते ना, त्यानंच मला शिंका येतात. निळीनं कधी आल्यात का?"

झाकण उचलायला वाकलेली चिनात्सु तशीच थांबली. निळीच्या रांजणाला फुलांचा वास? तिनं नाक आत घातलं. मेलेल्या रांजणातून खरंच मंद, गोडसर, न्हाणीघरात शोभावा असा सुवास येत होता.

नदीकाठच्या त्या जपानी गावात रंगघर होतं. बसगाड्या भरभरून प्रवासी येत, पांढरा रुमाल दोऱ्यानं आवळून बांधत आणि रांजणात बुडवत. बाहेर काढला की रुमाल हिरवट दिसे आणि वाऱ्यावर धरला की डोळ्यांदेखत निळा होई. मोठमोठी माणसंसुद्धा लहान पोरांसारखी हरखून जात. पण त्याआधी सगळेच नाक दाबत, कारण निळीच्या रांजणाला आंबलेल्या कोंड्याचा आणि गोठ्याचा मिळून वास येतो. त्याला इलाज नाही. दूध जसं विरजणानं लागतं, तसा हा रंग रांजणातल्या जंतूंमुळे लागतो. त्यांना कोंडा, चुना आणि सणासुदीला घोटभर साके, म्हणजे तांदळाची दारू, खाऊ घालावी लागते. हे काम चिनात्सुची तोकिएआत्या तरुणपणापासून करत आली होती.

जमिनीत पुरलेल्या चार रांजणांपैकी तीन या उन्हाळ्याच्या सुट्टीतच मेले होते. आत्या ज्याला 'फूल' म्हणायची तो वरचा जांभळा फेस विरला आणि रुमाल मळक्या पायपुसण्यासारखे निघू लागले. व्यवस्थापक कुरोइवासान फार सभ्य माणूस. तोकिएसान आता थकल्यात, चुन्याचा अंदाज चुकत असेल, असं त्यांनी अगदी कमरेत वाकून सुचवलं होतं. रविवारी नगराध्यक्ष येणार होते. उरलेला एक रांजणही बुजवायचा आणि डब्यातली तयार रंगाची पूड आणायची, असं तेव्हा ठरणार होतं. पाहुण्यांना काय कळतंय?

आणि रविवार उद्यावर आला होता.

चिनात्सुला सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल, तर आत्यानं त्यावर मान डोलावली ते. गावात कुणाच्या बापाला न भिणारी तिची आत्या, आणि म्हणाली, चुकत असेल.

तिघं धावतच तिच्याकडे गेले. आत्या परसात कोंडा चाळत होती. चिनात्सुनं धापा टाकत सुवासाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तू तर रोज बोटभर पाणी जिभेवर घेऊन बघतेस. तुला साबण लागला नाही?"

आत्याची चाळणी थांबली. तिनं पोरांना सातूचा गार चहा ओतून दिला.

"वसंतात ताप आला होता ना," ती म्हणाली, "तेव्हापासून मला वासही येत नाही आणि चवही कळत नाही. कुणाला सांगू? जीभ गेलेल्या रंगारणीला रांजणापाशी कोण उभं करील?"

"म्हणजे चूक तुझी नाहीच."

"माझीच. मला कळायला हवं होतं."

"आत्या, कुणीतरी रांजणात काहीतरी ओततंय आणि तू माफी मागत बसणार? मी नाही मागू देणार."

परतताना मायुकानं हिशेब मांडला. हे काम कुरोइवासानचंच. त्यांना पूड आणायची आहे, म्हणून रांजण मारतायत. आणि उद्या नगराध्यक्ष यायच्या आत ते चौथाही उरकणार. इबुकीचं म्हणणं पडलं की इतकी वाकून नमस्कार करणारी माणसं खून करत नाहीत. मायुका म्हणाली, तीच करतात.

चिनात्सु मात्र झाकणांकडे बघत होती. तीन मेलेल्या रांजणांच्या झाकणांवर 'बंद' अशा पाट्या होत्या, चौथ्यावर नव्हती. तिनं पहिल्या रांजणावरची पाटी काढली आणि चौथ्यावर ठेवली.

"आता ओता म्हणावं," ती म्हणाली.

रविवारी सकाळी रंगघर उघडायच्या आत तिघं वाळत घातलेल्या निळ्या कापडांमागे दडून बसले. झाडांवर उन्हाळी किडे कर्कश कोकलत होते. इबुकीनं नाकाला कपड्याचा चिमटा लावला होता आणि तो तोंडानं माशासारखा श्वास घेत होता. मायुकाला हसू आवरेना, तिनं कापडाचं टोक तोंडात कोंबलं.

कुरोइवासान आले. बूट काढून त्यांनी ते नीट जोडून ठेवले. पाटी नसलेल्या पहिल्या रांजणाचं झाकण उघडून हात जोडले आणि पिशवीतून गुलाबी बाटली काढून झाकणभर, मग जरा विचार करून आणखी झाकणभर आत ओतलं.

नेमका तेव्हाच चिमटा निसटला. एवढी मोठी शिंक त्या रंगघरानं कधी ऐकली नसेल.

चिनात्सु कापड सारून पुढे झाली. "बाटली इकडे द्या."

"मोठ्यांशी असं बोलतात?" कुरोइवासान दचकून म्हणाले.

"आणि मोठी माणसं रांजण असे मारतात?"

"मारतात?" त्यांचा चेहरा खरंच गोंधळला. "मी कुणाला मारलं? पाहुणे लांबून येतात, नाक दाबतात. मला लाज वाटते. रोज माफी मागून माझी कंबर गेली. म्हणून नुसता सुवास घातला, थोडासा..."

मायुकानं बाटली उलटी करून मोठ्यानं वाचलं, "सर्व जंतूंचा समूळ नाश करते."

कुरोइवासान बाटलीकडे आणि मग त्या तीन पाट्यांकडे बघत राहिले. मग घाईघाईनं म्हणाले, हे आपल्यातच राहू दे, मी तुम्हाला रोज बर्फाचा गोळा देईन. इबुकीनं क्षणभर विचार केला हे खरं आहे, पण चिनात्सुनं त्याच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात बाहेर बस थांबली. नगराध्यक्ष इवाकिरीसान पाहुण्यांसह आत आल्या. मागोमाग तोकिएआत्या कामाच्या निळ्या झग्यात आली आणि आल्या आल्याच वाकली. "रांजण माझ्या हातून गेले," ती म्हणू लागली.

"नाही गेले!"

सगळे वळले. मोठ्या माणसांच्या मध्ये तोंड घालू नये, हे चिनात्सुला चालायच्याही आधी शिकवलं होतं. तिचे कान तापले, पण ती मागे हटली नाही. तिनं दोन पांढरे रुमाल घेतले. एक गुलाबी बाटलीवाल्या रांजणात बुडवला, दुसरा चौथ्यात. बाहेर काढून दोन्ही उंच धरले. एक मळका तपकिरी तसाच राहिला. दुसरा हिरवट होता. दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि तो कडेकडेनं निळा होत गेला. पाहुण्यांमधून "आऽह" असा आवाज उठला.

मग तिनं बोट बुडवून जिभेवर टेकवलं. पहिल्या रांजणाची चव लागताच तोंड वेडंवाकडं करून थुंकली. "साबण." चौथ्याचं पाणी जिभेवर चुरचुरलं, तेही थुंकून ती म्हणाली, "हा जिवंत आहे. आणि वासही येतोय त्याला. येणारच. त्याबद्दल आम्ही कुणाची माफी मागणार नाही."

आत्यानं वाकलेली मान वर केली. "वसंतापासून मला चव कळत नाही," ती सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणाली. "म्हणून मला हे समजलं नाही. पण माप माझं कधी चुकलं नव्हतं."

कुरोइवासान इतके वाकले की त्यांचा चष्मा रांजणात पडता पडता राहिला. बाटली माझीच, रांजणात मीच ओतली, ते म्हणाले. नगराध्यक्षांनी पुडीचा बेत रद्द केला. तीन रांजण धुवून शरद ऋतूत नव्यानं लावायचे आणि धुण्याचं काम कुरोइवासाननी स्वतः करायचं, असंही सांगितलं. तिघांना समोर उभं करून त्या म्हणाल्या, "आमच्यापैकी कुणीच नाक वापरलं नाही. तुम्ही वापरलंत." यावर इबुकी एवढा फुगला की त्याला पुन्हा शिंक आली.

दुपारी दारावर चिनात्सुच्या ठसठशीत अक्षरात नवी पाटी लागली: 'इथे वास येतो. रांजण जिवंत आहे.' पाहुणे रुमालांपेक्षा त्या पाटीचेच फोटो जास्त काढू लागले. कुरोइवासानना तिच्याखाली 'क्षमस्व' लिहायचं होतं. तिघांनी लिहू दिलं नाही.

संध्याकाळी आत्यानं चौथ्या रांजणाला कोंडा घातला, ढवळलं आणि सवयीनं बोट बुडवलं. ते तोंडाकडे नेता नेता ती थांबली. मग तिनं निळं बोट झग्याला पुसलं आणि चिनात्सुसाठी जागा करत बाजूला सरकली.

"सांग," ती म्हणाली. "भूक लागलीये का त्याला?"