तलंग आणि अर्धा डबा

"अर्धो डबो तू रोज कोणासाठी ठेवतंस रे?"

एका दमात विचारून टाकलं सलोनीनं. मागे शाळेच्या व्हरांड्यात, खांबाआड, दीपिका आणि स्वप्ना तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. "स्वरूपाक इचारून ये, मगे आमच्या बाकार बस," असं दीपिकानं बजावलं होतं. अख्ख्या अकरावीत कुजबुज होती — स्वरूप मधल्या सुट्टीत अर्धंच जेवतो, उरलेला डबा दप्तरात घालतो... कुणीतरी आहे म्हणे!

जूनपासून सलोनी शेवटच्या बाकावर एकटी बसत होती. बाबांना तोंडवलीच्या एका पर्यटक निवासात स्वयंपाक्याचं काम लागलं आणि खारेपाटणचं घर सुटलं. चार महिन्यांत वर्गात कुणीकुणी तिच्याशी बोललेली वाक्यं तिला पाठ होती, इतकी ती थोडी होती. त्या बाकासाठी ती वाघालासुद्धा दात किती ते विचारून आली असती.

स्वरूपनं कपाळावरचे केस फुंकरीनं उडवले.

"तलंगेसाठी."

"कोंबडेसाठी?"

"होय तर. अजून अंड्यार येवक नाय ती. सुभद्राताईन दिल्यान, गणेशचवथीक माहेराक इल्ली तेवा." या मोठ्या बहिणीचं लग्न मे महिन्यातलं. तेव्हापासून घरात तो आणि आई दोघंच, वडील होडीवर. "आमच्या कोंबड्यो तिका टोचून टोचून हैराण करतत. म्हणान मी वेगळा भरवतंय." मग जरा थांबून, डब्याच्या झाकणाशी चाळा करत तो म्हणाला, "खारेपाटणची आसा ती, ताईच्या सासरची. तुझ्या गावची."

तिचा गाव कुठला, हे याला ठाऊक होतं! इथे ते कुणी विचारलंदेखील नव्हतं.

"माका दाखव," ती म्हणाली. हे मात्र पैजेत नव्हतं.

शाळा सुटल्यावर फाटकापाशी आई छत्री घेऊन उभी होतीच. रोज असायची. लेक एकटी पडते म्हणून आई न्यायला यायची, आणि आई न्यायला येते म्हणून पोरी डोळे मिचकावायच्या. दिवाळीनंतर हिला परत खारेपाटणला मामाकडे ठेवायचं, असंही घरात ठरत आलं होतं.

"तू पुढे हो गो, मी येतंय," सलोनी म्हणाली. आई दोनदा मागे वळून बघत गेली.

स्वरूपच्या अंगणात माडाखाली सात कोंबड्या उकरत होत्या. त्यात एक जाडजूड, छाती काढून चालणारी. "ती मामलेदारीण," स्वरूपनं ओळख करून दिली. तलंग बारीक, तांबूस, मानेवरची पिसं उपटलेली. त्यानं तिला खाली सोडताच मामलेदारीण धावली. लगेच त्यानं काठी आपटली, तलंगेला उचलून पायरीवर घेतलं आणि डब्यातला भात हातानं भरवू लागला. खाली सात माना ताणून बघत होत्या.

सलोनीला हसू फुटलं.

"हसतंस कित्याक?"

"तू तिका पाटार बसवन नवरीसारखी वाढतंस! मगे ती त्यांका आपली कशी वाटतली?"

"मगे रगत येयसर बघीत रवू?" तो चिडलाच.

"रगत इला तर मधी पड. दोन-चार टोचे बसले तर पडा नको." आणि तिनं बोटांवर मोजत सगळं सांगितलं — चार दिवस अंगणाच्या मधोमध वेताच्या विरळ डालग्याखाली ठेवायची, म्हणजे सगळ्या एकमेकींना बघतील पण टोचता येणार नाही. मग एका तिन्हीसांजेला खुराड्यात, त्यांच्या अगदी मधे. सकाळी जाग येईल तेव्हा ती तिथे आधीपासूनच असेल.

"तुका इतक्या कसा म्हायत?"

"बारा होत्यो आमच्याकडे. येताना..." तिचा आवाज उतरला. "येताना सगळ्यो देवन टाकलेव."

त्यानं कोपऱ्यातल्या डालग्याकडे बोट केलं. ते उचलायला दोघं एकदम वाकली आणि बोटं बोटांना लागली... डालगं बराच वेळ कुणी उचललंच नाही.

चार दिवस ती रोज गेली. मामलेदारीण डालग्याभोवती फेऱ्या घालायची, मग फेऱ्याही कमी झाल्या. "तुझ्यासारखी बघता ही तलंग," स्वरूप म्हणायचा, "वर्गात इलंस तेवा तू अशीच बघी होतंस. सगळ्यांक खाऊ की गिळू." "आणि तू बघी होतंस म्हणान तुका समाजला!" ती म्हणायची, आणि तो माडाकडे बघायला लागायचा.

पाचव्या संध्याकाळी परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली. अंगण ओलं, समुद्राचा आवाज जवळ आलेला. स्वरूपनं तलंग छातीशी धरून आणली आणि खुराड्यातल्या दांडीवर मामलेदारणीच्या शेजारी बसवली. आत थोडी फडफड, थोडी कुरकुर... मग शांत.

"आता अर्धो डबो ठेवची गरज नाय," तो हळूच म्हणाला.

"मगे सगळो खा. बारीक दिसतंस."

"सवय झाली अर्ध्याची..." तो खुराड्याची कडी उगाच दुसऱ्यांदा लावत होता. "तुका तिसऱ्यो चलतत?"

"चलतत." शिंपल्यांचं कालवण तिला खारेपाटणपासून आवडायचं.

"शेवटच्या बाकार तू एकटीच जेवतंस. जूनपासून बघतंय मी."

"जूनपासून! मगे बोलाक काय झाला?"

"माका पैज लावणारा कोण मिळाक नाय."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं! सलोनीचे कान तापले. पण ती आता जूनमधली सलोनी नव्हती.

"मगे मी लावतंय," ती म्हणाली. "उद्या, सगळ्यांदेखत, डबो घेवन माझ्याकडे येवन दाखव."

सकाळी शाळेआधी ती धावत गेली. तलंग अंगणात होती, सगळ्यांच्या कडेला. मामलेदारणीनं एक टोचा मारला. ती दोन पावलं सरकली, आणि पुन्हा तिथेच येऊन दाणे टिपू लागली. स्वरूपचा हात काठीकडे गेला. सलोनीनं तो धरून ठेवला.

मधल्या सुट्टीत ती दीपिकाच्या बाकावर जाऊन बसली; इतके दिवस पैजेचं उत्तर तिनं स्वतःकडेच ठेवलं होतं. "कोण ती? सांग," स्वप्नानं विचारलं. सलोनीनं खरं ते सांगितलं. बाक हसून हसून हलला. "कोंबडीवाली गो कोंबडीवाली!" डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ती दोन बोटं सरकली, पण उठली नाही.

मग हसू एकाएकी थांबलं. डबा घेऊन स्वरूप सगळ्यांदेखत समोर उभा होता, कानापर्यंत लाल.

"अर्धो तुझो," तो म्हणाला.

रात्री जेवताना आईनं मामाच्या फोनचा विषय काढला. सलोनीनं ताटातला हात थांबवला.

"आई, बाबांनू, मी खारेपाटणाक जावचंय नाय. मामाक कळवा. आणि आई, उद्यापासून माका न्हेवक येव नको."

"पण पोरी तुका त्रास देतत ना गो?"

"दोन-चार टोचे बसतले. बसांदेत." ती आईकडे बघून हसली. "रगत इला तर हाक मारीन. तवसर तू मधी पडा नको."