उलट्या सायकलची डावी बाजू

"अजून जोर लाव, पांचो. हलतंय बघ."

"सकाळपासून हलतंयच," पांचोकाका धापा टाकत म्हणाले. "निघतंय कुठे?"

अंगणात सायकल उलटी उभी होती, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आभाळाकडे. कामाग्वे शहरात सायकलला हात लावायचा म्हणजे ती आधी उलटी करायची, मग बाकीचं. पायडलाला पाना लावला होता, पान्यावर हातभर लोखंडी पाइप चढवला होता, आणि त्या पाइपला एवारिस्तोमामा आणि पांचोकाका अक्षरशः लोंबकळत होते.

बारा वर्षांची यानेलिस पायरीवर बसून नखं खात होती. तिची मोठी बहीण मिरेलिस गावाकडच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून सोमवारी रुजू होणार होती. आजारी माणसांची घरं अकरा किलोमीटरवर पसरलेली. त्यासाठीच ही जुनी सायकल घेतली होती आणि ती आजच्या प्रवासी ट्रकमधून जायला हवी होती. ट्रक शनिवारी तीन वाजता सुटतो, पुढचा थेट पुढच्या शनिवारी. चालक लिबोरियो पायडलं काढल्याशिवाय सायकल चढवू देत नाही. गेल्या महिन्यात गर्दीत एका बाईचा झगा पायडलात अडकून टर्रकन फाटला, आणि त्या बाईने त्याला गावापर्यंत ऐकवलं होतं.

"मामा, एक वाजला," यानेलिस म्हणाली.

"घाई करू नकोस गं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे कामाग्वेतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून डावं उलटं फिरवायचं, उजवं सुलटं. दोन्ही बाजूंना तेच करतोय आम्ही."

"मग निघत का नाही?"

"गंजलंय. गंजाला अक्कल नसते." मामांनी कपाळ पुसलं. "पांचो, कॉफी. आणि डॉमिनोचा एक डाव."

दोघे पाना-पाइप तसाच हातात घेऊन आंब्याखाली जाऊन बसले. लगेच सोंगट्या खडखडल्या.

शेजारचा ओस्नेल आणि यानेलिसचा धाकटा भाऊ दारिएल सायकलजवळ आले. ओस्नेल तेरा वर्षांचा. बोलायचा कमी, बघायचा जास्त.

"सकाळी इथे फट होती," दारिएल म्हणाला. "पायडल आणि त्याच्या दांड्याच्या मध्ये. माझं नख आत जायचं."

"आता?"

दारिएलने नख घालून पाहिलं. गेलं नाही. दुसऱ्या बाजूला गेला. तिथेही नाही.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे हलतंय, पण आत," ओस्नेल हळूच म्हणाला. "सकाळपासून दोघे घाम गाळून ते घट्ट करताहेत."

"दोन्ही बाजूंना?" यानेलिसला पटेना. "डावं उलटं, उजवं सुलटं. नियम तर बरोबर आहे. बाबाही तेच सांगायचे."

"नियम बरोबर. मग बाजू चुकली असेल."

"बाजू कशी चुकेल? मामांना डावा हात कळत नाही?"

आंब्याखालून मामा ओरडले, "दारिएल, पाणी आण रे."

दारिएल रांजणातून पाणी घेऊन गेला आणि तिथेच खिळून राहिला. मामा पाय पसरून बसले होते. त्यांच्या पँटच्या एका पायाला, घोट्याजवळ, कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला होता. ते सायकलवरून आले होते आणि चिमटा काढायचं विसरले होते.

"मामा, हा कुठला पाय?"

"उजवा. का?"

"चिमटा याच पायाला का?"

"साखळी या बाजूला असते बाबा. पँट आत गेली की ती चावून खाते. डाव्या पायाला कोणी चिमटा लावतं का? जा, खेळ."

दारिएल पळतच परत आला. "साखळी उजव्या बाजूला असते. मामाच म्हणाले."

यानेलिसने सायकलकडे पाहिलं. मामा मघाशी उभे होते तिथे, मागच्या चाकापाशी, पुढे तोंड करून ती उभी राहिली. साखळी तिच्या डाव्या हाताला होती.

"अरे देवा," ती म्हणाली. "सायकल उलटी केली तेव्हाच बाजू बदलली. यांनी उजव्यालाच डावं धरलं."

"सांगायचं त्यांना?"

"सांगितलं तर अजून तासभर वाद घालतील. पाना घे."

पण पाना कुठे होता? पांचोकाका त्यावरच बसले होते.

"काका," यानेलिस गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या मागे मुंग्या आहेत."

पांचोकाका उठले, झटकू लागले. पाना गेला.

तिघांनी सायकल रांजणामागे नेऊन चाकांवर सरळ उभी केली. आट्यांवर रॉकेलचे थेंब सोडले आणि दम धरला. मग पाना साखळीकडच्या पायडलाला लावला, पाइप मागच्या चाकाकडे केला. दांडा फिरू नये म्हणून दारिएल पलीकडच्या पायडलावर उभा राहिला. यानेलिस आणि ओस्नेल पाइपवर पोटाने आडवे पडले.

काही झालं नाही.

"मामांनी आवळलंय चांगलं," ओस्नेल कण्हत म्हणाला. "पुन्हा."

टक्क! पाइप खाली गेला, दोघेही खाली गेले. पायडल सैल झालं होतं. दुसऱ्या बाजूला दांडा दोरीने सायकलला बांधला आणि पाइप पुन्हा मागच्या चाकाकडेच दाबला. तेही निघालं.

यानेलिसने दोन्ही पायडलं डॉमिनोच्या मेजावर ठेवली. सोंगट्या उडाल्या. मामांनी पायडलांकडे पाहिलं, मग मुलांकडे. यानेलिसने त्यांच्या पायाच्या चिमट्याकडे बोट दाखवलं.

मामांनी वाकून चिमटा चाचपला.

"पांचो," ते म्हणाले, "आपण सकाळपासून काय करत होतो?"

"व्यायाम," पांचोकाका म्हणाले.

पावणेतीनला सायकल ट्रकवर चढली. लिबोरियोने दोन्ही बाजू तपासल्या आणि मान डोलावली. पायडलांच्या पिशवीत यानेलिसने दोन चिठ्ठ्या बांधल्या होत्या. डावं, उजवं असं तिने लिहिलंच नव्हतं. एकीवर होतं 'साखळीकडचं', दुसरीवर 'पलीकडचं'. सोमवारी मिरेलिसताईला कोणाला विचारायची गरज पडणार नव्हती.

"हे डोकं आमच्या घरात कुठून आलं?" मामा म्हणाले. त्यांनी वाकून पायाचा चिमटा काढला आणि सगळ्या ट्रकसमोर यानेलिसच्या झग्याला पदकासारखा लावला. दारिएल आणि ओस्नेलला पेरूच्या वड्या मिळाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मामा ऐटीत आपल्या सायकलवर बसून निघाले. कोपऱ्यापर्यंतही पोहोचले नाहीत. कर्रर्र आवाज आला आणि सायकल थांबली.

पँटचा कुठला पाय साखळीने खाल्ला, ते आता कोणालाच विचारावं लागलं नाही.