झाकण नसलेली ओळ

"बटणं कुठायत? आवाज कमीजास्त करायचं चाक? गळ्यात अडकवायला दोरीचं भोक तरी?" पहिल्याच दिवशी मी वाचनयंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या उन्मेषला झाडलं.

"सुचित्रा मॅडम, आता सगळं टच असतं."

"घाला तो टच चुलीत! काचेवर बोट फिरवून आंधळ्याला काय मिळतं? भोपळा!"

तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचनयंत्र आंधळ्यांसाठी, आणि बनवताना एकाही आंधळ्याला विचारलेलं नाही मेल्यांनी. काचेच्या खालच्या कडेला ब्रेलची ओळ होती, तेवढीच बरी. बारीक टाचण्या वर येतात, अक्षर उमटतं, परत खाली जातात. त्या ओळीसाठी मी ते वापरून सुधारणा सुचवायला लालबागला घरी आणलं.

परळच्या ब्रेल छापखान्यात मी मुद्रितं तपासते. उजवी तर्जनी म्हणजे माझी नोकरी. लहानपणी बोंबील साफ करताना विळी लागली, त्याचा आडवा वण तिच्या टोकावर आहे.

माझ्याआधी हे यंत्र चंदूकाकांकडे होतं. तेही आंधळे, आमच्याच छापखान्यातले, अचानक नोकरी सोडून घरी बसलेले. त्यांना फोन केला. "काका, तुम्ही काय सुचवलंत?"

"झाकण. त्या ओळीर झाकण होया. कडीवाला," ते त्यांच्या मालवणीत म्हणाले.

"धुळीसाठी?"

त्यांनी आवाज खाली आणला, मुलीला सांगावं तसा. मग म्हणाले, "चेडवा, वाचून झाला की बोट थंय ठेवू नको."

पहिल्या आठवड्यात ओळ कोमट लागायला लागली. बॅटरी तापत असेल, म्हटलं. मग टाचण्या मऊ झाल्या. वाचताना वाटायचं, खालून कुणीतरी माझं बोट वाचतंय. सावकाश, डावीकडून उजवीकडे. आणि बंद करायला बटण नाही! शंभरदा सांगितलं होतं, बटण द्या!

रविवारी मसाल्याच्या गल्लीत मिरचीपूड चिमटीत घेतली.

"कशी दळलीय?" मी विचारलं.

"नेहमी तुम्हीच सांगता ना, ताई," दुकानवाली कमळाबाई म्हणाली.

अंगठ्याला पूड कळत होती. तर्जनीला काहीच नाही.

सोमवारी छापखान्यात मला पान कोरं लागलं. शेजारच्या अनुजाने तेच पान घडाघडा वाचलं. मी उन्मेषला तिथेच बोलावून घेतलं.

"काय सुधारणा हवी, मॅडम?"

"झाकण! कडी असलेलं!" मी ओरडले. "माझं बोट गेलं, बोट! मी खाऊ काय आता?"

"झाकण? चंदूसरही तेच म्हणाले होते," तो हसत म्हणाला. "पण कशाला?"

त्याच्या टाळक्यात घालायला मी घरून आणलेलं यंत्र उचललं. डाव्या हाताचं बोट ओळीवर पडलं.

टाचण्या नव्हत्या. मऊ होतं. कोमट, जरासं घामट.

मधोमध आडवा वण.

उजव्या अंगठ्याने मी उजवी तर्जनी चाचपली. टोक काचेसारखं गुळगुळीत, वण नाही.

डावं बोट उचलायच्या आतच तो वण त्याच्याखालून सरकला. सावकाश, डावीकडून उजवीकडे.