आंबेहळदीचा तिरका डाग

फुलाबाई शीलाताईंकडे आल्या तेव्हा ताईंचा मदतनीस, एसटीतून निवृत्त झालेला जानकू पेपर तोंडावर घेऊन पेंगत होता. त्यांच्या पहिल्याच वाक्यानं त्याची झोप उडाली.

“पोरगं गेलं ते गेलं, ताई. पन त्यानं गाडी ठोकली म्हनत्यात, ते सोसवत न्हाई.”

त्यांचा धम्मपाल निमगाव सावाच्या कुंडलिकरावांचा ड्रायव्हर. बारा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. आठवड्यापूर्वी पारगावच्या वळणावर ट्रॅक्टरनं गाडीला धडक दिली. धम्मपाल गेला, मालकाचा मुलगा स्वराज वाचला. स्वराज म्हणाला, धम्मपाल चालवत होता. पोलिसांनी तेच लिहून घेतलं.

ओतूरला खासगी तपास करणाऱ्या शीलाताई पूर्वी नर्स होत्या. त्यांनी विचारलं, “शेवटची अंघोळ तुम्ही घातलीत? अंगावर काय होतं?”

“डाव्या खांद्यावरनं खाली तिरका निळा वळ. आन् डाव्या बरगड्या पार आत गेलेल्या.”

जानकूला संशय ट्रॅक्टरवाल्या गोरखचा. दोघं त्याला भेटायला गेले, तेव्हा तो नजर चोरत होता.

“गाडी अचानक आडवी आली, राव. मागं उसाची ट्रॉली, बिरेक लागतोय व्हय? पुढच्या डाव्या दारावरच बसलो. कोन कुटं बसलं व्हतं, नाय दिसलं. तोडणीवाल्यांनी दोघांना लगेच बाहेर वढलं.”

“खोटारडा!” जानकू बाहेर येऊन पुटपुटला. शीलाताईंनी वहीत नुसतं ‘डावं दार’ एवढंच लिहिलं. मनातलं न सांगण्याचा त्यांचा स्वभाव जानकूला मुळीच आवडत नसे.

फुलाबाईंना घेऊन ते कुंडलिकरावांकडे पोचले. स्वराज पांढऱ्या शर्टात ओसरीवर बसला होता. उजव्या खांद्यापासून डाव्या कुशीपर्यंत शर्टाला पिवळा डाग. आठवड्यापूर्वी घरचा माणूस गेला आणि हा हळदीला जाऊन आला, असं वाटून जानकूचं डोकंच फिरलं.

“आंबेहळद हाय ती,” त्याची आई ठकूबाई म्हणाली. “मुका मार लई बसलाय त्याला.”

“मी मागच्या सीटवर होतो. बेल्ट नव्हता. समोरच्या सीटवर आपटलो,” स्वराज म्हणाला.

“जानकूभाऊ, आपल्या गाडीत बसून बेल्ट लावा. आधी ड्रायव्हरच्या जागी,” शीलाताई म्हणाल्या.

जानकू कुरकुरत बसला. पट्टा उजव्या खांद्यावरून आला. मग शेजारच्या जागी बसला, तर डाव्या खांद्यावरून. आता कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि गोरखला मनातल्या मनात दिलेल्या शिव्यांची त्याला लाज वाटली.

“धम्मपालचा वळ डाव्या खांद्यावर,” शीलाताई म्हणाल्या. “म्हणजे तो शेजारी बसला होता. धडक त्याच्याच दारावर बसली. बेल्ट माणसाला पुढं जाऊ देत नाही, पण दारच आत आलं तर तो काय करणार? सीटवर आपटलेल्याला असा तिरका, पट्ट्याएवढा मार बसत नाही, स्वराज. तुझा पट्टा उजव्या खांद्यावर होता. स्टिअरिंग तुझ्या हातात होतं.”

ठकूबाईनं हळद लावून पिवळ्या झालेल्या स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. “खरं सांग, बाळा.”

“मला शिकवत होता,” स्वराज रडू लागला. “मी ऐकलं नाही. वळणावर जोरात घातली.”

फुलाबाई पुढं झाल्या.

“तुला पट्टा कुनी लावला?”

“धम्मादादानं. मी नको म्हणत होतो. त्यानं चावी काढून घेतली, म्हणाला, आधी पट्टा.”

फुलाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याचा हात धरला.

“चल, ऊठ. हे आता पारावर जाऊन बोल. समद्या गावाला ऐकू दे.”